निष्क्रिय मृतांच्या स्थलांतराबाबत

एखादा समाज किती पुढारलेला आहे हे त्याने जिवंत माणसांसाठी काय केलं यावरून ठरत नाही. मेलेला माणूस तो किती लवकर शोधून देतो यावरून ठरतं. या कसोटीवर मिनेसोटातलं नॉर्डबी हे गाव आज सगळ्यांच्या पुढे आहे. तिथे कोणताही मृत अकरा मिलिसेकंदांत सापडतो. (बहुतेक वेळा तो ऑर्विल स्टेन्सरुड असतो. पण हा तपशिलाचा भाग झाला.)

पूर्वी परिस्थिती फार शोचनीय होती, असं दफनभूमी समितीच्या अध्यक्षा मार्लीस ब्युगस्टाड सांगतात. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे तिकडच्या स्मरणदिनी, अख्खं गाव अंगणातली पिओनीची फुलं तोडून आपापल्या माणसांच्या थडग्यांवर ठेवायला यायचं. फाटकापासून आजोबा हाकेच्या अंतरावर. तरी तिथे पोचायला पाऊण तास लागायचा. वाटेत दुसऱ्यांचे आजोबा लागायचे, त्यांचे नातू भेटायचे, थर्मासमधली कॉफी निघायची. कुणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, कुणाच्या सोयाबीनवरचा मावा, कुणाच्या सुनेचं दुसरं बाळंतपण, सगळं साग्रसंगीत ऐकून व्हायचं आणि मूळ मृत बिचारा ताटकळत पडलेला असायचा. समितीने या पाऊण तासाचा अभ्यास केला. त्यातली जेमतेम चार मिनिटं शोकात जात होती असं आढळलं. उरलेला वेळ माणसांशी बोलण्यात फुकट जात होता.

यावर उपाय म्हणून समितीने अॅप काढलं. काम मार्लीसबाईंच्या जावयाला मिळालं. (तीन अर्ज मागवले होते, तिन्ही त्याचेच आले.) कर्टिस हा मिनिआपोलिसला प्रोग्रॅमर आहे आणि स्वभावाने गरीब आहे. चर्चच्या तळघरात झालेल्या सभेत त्याने योजना समजावून सांगितली.

"शोधायचं यंत्र आपण स्वतः बनवायचंच नाही. ते एका कंपनीकडे तयार आहे. आपण फक्त त्यांचा एपीआय वापरायचा."

"म्हणजे काय रे ते?" कुणीतरी विचारलं.

"दुसऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी समजा. आपण बाहेरून हाक मारायची, आतून ताट येतं. आत कोण रांधतंय, कशात रांधतंय, ते आपण बघायचं नाही. आपल्या सगळ्या मृतांची नावं व्हर्जिनियातल्या त्यांच्या संगणकांवर ठेवायची. इथे कुणी एक अक्षर टाइप केलं, की तिथून उत्तर हजर."

समितीचे चिटणीस वेन्डेल क्वाम इतका वेळ टोपी मांडीवर ठेवून गप्प बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे मी इथे थडग्यापाशी उभा राहून विचारणार, की हे थडगं कुठे आहे. मग ते व्हर्जिनियाला विचारणार, आणि व्हर्जिनिया मला सांगणार?"

"अकरा मिलिसेकंदांत," कर्टिस म्हणाला.

वेन्डेल विचार करून म्हणाले, "बरं. फारसं वाईट नाही."

("फारसं वाईट नाही" हे नॉर्डबीतलं सर्वोच्च कौतुक आहे. लग्नाला पन्नास वर्षं झाली की नवरा बायकोला हेच म्हणतो, आणि ती लाजून ताटल्या आवरायला लागते.)

वेन्डेल क्वाम यांनी जन्मभर गावचं धान्याचं कोठार सांभाळलं. चिटणीस ते अशासाठी झाले, की नाव सुचवल्यावर नको म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांची बायको आर्डिस चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. रोज सकाळची कॉफी झाली, की वेन्डेल घडीची खुर्ची काखोटीला मारून दफनभूमीत जायचे आणि तिच्यापाशी बसायचे. गावात काय चाललंय ते तिला सांगायचे. जिवंतपणी आर्डिस त्यांना "तुझ्या तोंडातून शब्द काढायला सांडशी लागते" म्हणायची. आता ते तासभर बोलत. थडग्याचा दगड दोघांचा मिळून एकच होता: तिच्या बाजूला जन्म आणि मृत्यू, त्यांच्या बाजूला जन्म, एक छोटी रेघ, आणि पुढे पॉलिश करून ठेवलेली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेकडे बघून वेन्डेलना भीती वाटत नसे, उलट बरं वाटे. आपलं ठिकाण ठरलेलं आहे, शेजार माहितीचा आहे, एवढं सुख पुष्कळ झालं असं ते मानत.

त्या शोधसेवेचे गुण वर्णावे तेवढे थोडेच. एक तर ती प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते. विचारणाऱ्याला नक्की काय हवंय हे ठरवण्याचे कष्ट पडत नाहीत. दुसरं, ती चुका पोटात घालते: तुम्ही काहीही टाइप करा, तुम्हाला काय म्हणायचं असावं ते ती जवळपासचं बघून ठरवते. तिसरं म्हणजे ती कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. "काही सापडलं नाही" असं लिहिलेलं पान दाखवणं हा तिच्या लेखी असभ्यपणा आहे. आणि सर्वांत खाली ती नम्रपणे विचारते: "हवं ते मिळालं का?" पुढे दोन बटणं, होय आणि नाही. जे उत्तर येईल त्यावरून ती शिकते. जगातल्या इतर गावांत ही रचना उत्तम चालते असं कंपनीचं म्हणणं आहे, आणि ते खोटं नसावं.

पण नॉर्डबीत कुणी "नाही" म्हणत नाही. तिथल्या दातांच्या डॉक्टरने एकदा एका बाईचा भलताच दात उपटला, तर ती म्हणाली, "असू दे हो, तोही कधीतरी गेलाच असता," आणि पुढच्या आठवड्यात त्याला केक नेऊन दिला. शेजाऱ्याने चुकून आपलं झाड तोडलं तर इथला माणूस बाहेर येऊन फांद्या उचलायला मदत करतो. ही माणसं मनाने इतकी चांगली आहेत, की त्यांच्याकडून खरं काढणं अवघड जातं.

आता ऑर्विल स्टेन्सरुड. हा एकटा राहणारा माणूस होता, आणि गावाला त्याच्याबद्दल एकच गोष्ट आठवत होती. चर्चच्या जेवणात शेवटची लिंबाची वडी उरली, की ती कुणी उचलायची नसते. येणाऱ्याने तिचा अर्धा तुकडा कापायचा, पुढच्याने त्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी उरलेला भुगा ताटलीबरोबर धुवायचा, अशी रीत आहे. एका वर्षी ऑर्विलने ती वडी सबंध उचलली, उभ्या उभ्या खाल्ली आणि वर बोटं चाटली. कुणी काही बोललं नाही. पुढची तीस वर्षं कुणी काही बोललं नाही. त्याच्या अंत्यविधीला पाद्री आणि खड्डा खणणारा असे दोघे होते, आणि दोघांनाही यावंच लागलं होतं.

कर्टिस अॅपची चाचणी घ्यायला दफनभूमीत आला तेव्हा त्याला लॅपटॉप ठेवायला सपाट जागा हवी होती. सगळ्या दगडांवर काही ना काही ठेवलेलं होतं: फुलं, छोटे झेंडे, कुणाचा मासेमारीचा गळ. ऑर्विलचा दगड तेवढा मोकळा. कर्टिसने त्यावर लॅपटॉप ठेवला, डोळ्यांपुढे जे नाव दिसत होतं तेच टाइप केलं, आणि यंत्र नीट चालेपर्यंत दोन दिवस तेच टाइप करत राहिला. अॅप गावासाठी खुलं झालं तेव्हा व्हर्जिनियाच्या माहितीप्रमाणे ऑर्विल स्टेन्सरुड हा नॉर्डबीतला सर्वाधिक शोधला जाणारा मृत होता.

मग तो सोमवार उजाडला. डिलोरिस हॉगेन नावाच्या बाई वडिलांना, म्हणजे ऑस्करना, शोधायला आल्या. वडील कुठे आहेत हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण अध्यक्षबाई फाटकापाशी उभ्या राहून सगळ्यांना अॅप वापरायला सांगत होत्या, त्यांचं मन कसं मोडायचं? त्यांनी पहिलं अक्षर टाइप केलं आणि फोन त्यांना ऑर्विलपाशी घेऊन गेला. आता हातात फुलं, समोर थडगं, मागून लिंडाल नवरा-बायको येतायत. अशा वेळी फुलं घेऊन पाठ फिरवायची म्हणजे ऑर्विलचा चारचौघांत अपमान. डिलोरिसबाईंनी निम्मी फुलं तिथे ठेवली. फोनने विचारलं, "हवं ते मिळालं का?" त्यांनी "होय" दाबलं. लिंडाल दांपत्य आलं होतं ओल्गामावशीला भेटायला. डिलोरिसबाई जिथे फुलं ठेवतात तिथे आपण नाही ठेवली तर बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनीही ठेवली आणि "होय" दाबलं. दुपारपर्यंत यंत्राच्या लक्षात आलं, की नॉर्डबीची माणसं तोंडाने कोणतंही नाव घेवोत, त्यांच्या मनात ऑर्विलच असतो. त्यानंतर हॅरल्ड टाइप केलं तरी ऑर्विल, मॅबेल टाइप केलं तरी ऑर्विल.

वर्षभरात ऑर्विलचा दगड फुलांखाली दिसेनासा झाला. ज्याच्यावर इतकी फुलं पडतात तो साधासुधा माणूस नसणार, असं लोक आपसांत म्हणू लागले. ऑर्विलच्या जवळपास जागा मिळेल का, अशी विचारणा समितीकडे आली. पाद्रीबुवांनी प्रवचनात सांगितलं, की शेवटची वडी उचलायला धैर्य लागतं. (त्या दिवशीच्या जेवणात चार जणांनी शेवटची वडी उचलायचा प्रयत्न केला. चौघांनाही ऐन वेळी अवघडल्यासारखं झालं आणि त्यांनी ती अर्धी कापली.)

जूनच्या सभेत मार्लीसबाईंनी वार्षिक अहवाल वाचला. समाधानी वापरकर्ते: शंभर टक्के. शोकाला लागणारा सरासरी वेळ: निम्म्याहून कमी. परस्परांशी बोलण्यात वाया जाणारा वेळ: जवळजवळ शून्य. टाळ्या झाल्या. मग त्यांनी चष्मा पुसला.

"एकच अडचण आहे. ऑर्विलपाशी गर्दी मावत नाही. वाट रुंद करायला हवी. तेव्हा शेजारच्यांपैकी जे निष्क्रिय असतील त्यांना मागच्या कुंपणापाशी हलवावं, असा प्रस्ताव आहे."

"निष्क्रिय म्हणजे?" वेन्डेलनी विचारलं. ते इतिवृत्त लिहीत होते.

"वर्षभरात ज्यांना एकदाही कुणी शोधलं नाही असे मृत."

"मेलेली माणसं निष्क्रियच असतात ना, मार्लीस?"

"तसं नव्हे रे. ज्यांची कुणाला आठवण उरली नाही असे. आम्ही काही आमच्या मनाचं सांगत नाही, आकडेच बोलतात." त्यांनी कागद वर केला आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "शेजारी तशी एकच आहे. आर्डिस क्वाम. शोध शून्य."

वेन्डेलनी "शून्य" लिहिलं, कारण चिटणीसाने ऐकलेलं लिहायचं असतं.

"मी रोज जातो गं तिच्याकडे," ते हळूच म्हणाले.

"फोन घेऊन?"

"फोन कशाला? ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

"तेच तर म्हणतेय मी," मार्लीसबाई मायेने म्हणाल्या. "मग यंत्राला कसं कळणार? हे बघ, निर्णय पुढच्या महिन्यात आहे. तोवर थोडे शोध जमव. आम्हाला का हौस आहे तिला हलवायची?"

वेन्डेलनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. जेवताना मीठ हवं असलं तर दुसरं कुणी घेईपर्यंत ते थांबत. पण दुसऱ्या दिवशी कॅफेत ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"आर्डिससाठी जरा..." ते म्हणाले. "कुणाला सवड असली तर. तिचं नाव त्या फोनमध्ये शोधलंत तर बरं होईल. घाई नाही."

गाव गहिवरलं. आर्डिस सगळ्यांना आवडायची. सगळ्यांनी तिथल्या तिथे फोन काढले आणि जाड जाड बोटांनी आर्डिसचं नाव टाइप केलं. व्हर्जिनियाने सगळ्यांना अकरा मिलिसेकंदांत ऑर्विल स्टेन्सरुड दाखवला. सगळ्यांनी तो क्षणभर पाहिला, एकमेकांकडे पाहिलं, आणि वेन्डेल समोर उभा आहे, त्याचं मन कशाला दुखवा, म्हणून प्रत्येकाने "होय" दाबलं.

"मिळाली का?" वेन्डेलनी विचारलं.

"मिळाली, मिळाली," सगळे म्हणाले. "लगेच मिळाली हो."

त्या संध्याकाळी ऑर्विलचा आकडा चांगलाच वाढला होता. आर्डिस शून्यावरच होती.

शेवटी वेन्डेल स्वतः फोन घेऊन तिच्यापाशी गेले. खुर्ची मांडली, चष्मा लावला, आणि लग्नपत्रिकेवर लिहावं तसं जपून तिचं सबंध नाव टाइप केलं. फोन म्हणाला, "तुम्हाला ऑर्विल स्टेन्सरुड म्हणायचं आहे का? ते तुमच्या अगदी जवळ, डाव्या हाताला आहेत. हवं ते मिळालं का?" वेन्डेलनी अंगठा "नाही"वर नेला. सत्तर वर्षांत त्या शब्दावर त्यांचा अंगठा गेला नव्हता. नेमक्या त्याच वेळी मार्लीसबाई शेजारच्या गावच्या समितीला ऑर्विल दाखवायला घेऊन आल्या आणि लांबूनच हात हलवत ओरडल्या, "काय वेन्डेल, वापरतोयस ना? मिळतंय ना सगळं?" पाहुणे कौतुकाने बघत होते. वेन्डेलनी हात हलवला आणि "होय" दाबलं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना तिच्याशी काही बोलता आलं नाही.

जुलैच्या सभेत मार्लीसबाईंनी विचारलं, "प्रस्तावाला कुणाचा विरोध?" नॉर्डबीच्या समितीच्या इतिहासात या प्रश्नाला कधी उत्तर आलेलं नव्हतं. वेन्डेल उठले. मांडीवरची टोपी खाली पडली.

"मला," ते म्हणाले, "हे जरा वेगळंच वाटतंय."

दोघी-तिघींनी तोंडावर हात ठेवला. एवढे कठोर शब्द त्या तळघरात पूर्वी कुणी ऐकले नव्हते. मार्लीसबाईंचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्या सावरल्या आणि म्हणाल्या, "चिटणीसांना प्रस्ताव वैशिष्ट्यपूर्ण वाटतो, याची नोंद घ्यावी." प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. तसं वेन्डेलनाच लिहावं लागलं.

हलवण्याचं कंत्राट दुसऱ्या परगण्यातल्या लोकांना दिलं होतं, कारण ओळखीच्या माणसाला असलं काम सांगणं बरं दिसत नाही. ठरल्या सकाळी वेन्डेल धुतलेला सदरा घालून तिथे गेले. खणायचं यंत्र आलं, ट्रक आला. मुकादम खाली उतरला, त्याने कामाचा कागद पाहिला, फोन काढला आणि त्यात "आर्डिस क्वाम" टाइप केलं. फोन त्याला फुलांच्या ढिगाऱ्यापाशी घेऊन गेला. दगडावरचं नाव दिसत नव्हतं, आणि मृताची फुलं विस्कटणं त्याला प्रशस्त वाटेना. त्याने फुलांसकट दगडाला साखळी लावायला सांगितली.

मग त्याचं लक्ष खुर्चीकडे गेलं. "घरचे का हो, काका?"

"हो," वेन्डेल म्हणाले.

"काकूंची हीच जागा ना?"

वेन्डेलनी डावीकडच्या ढिगाऱ्याकडे पाहिलं. मग आपल्या पायाशी असलेल्या दगडाकडे पाहिलं, त्यावरच्या छोट्या रेघेकडे पाहिलं. परक्या गावचा माणूस, सकाळी लवकर उठून इतक्या लांबून आलेला, कामाला लागलेला. त्याला चूक दाखवायची म्हणजे...

"फुलं फार छान आहेत," वेन्डेल म्हणाले.

"आम्ही अगदी जपून नेऊ, काका. तुम्ही काळजी करू नका." मुकादमाने "होय" दाबलं आणि हात वर केला. यंत्राने खणायला सुरुवात केली.

दुपारपर्यंत ऑर्विल स्टेन्सरुड फुलांसकट कुंपणापाशी पोचला. तिथे रानगवत आहे आणि पलीकडे कुणाची तरी डुकरं आहेत. खड्डा बुजवून त्यावर हिरवळ लावली गेली. व्हर्जिनियाच्या नोंदीत आर्डिस क्वाम ही निष्क्रिय मृत कुंपणापाशी हलली, आणि ऑर्विल होता तिथेच राहिला. लोक अजून येतात. फोन त्यांना त्या हिरवळीपाशी आणतो. तिथे आता दगडही नाही, पण हे पहिल्यांदा बोलून दाखवायचं कुणी? ते फुलं ठेवतात आणि "होय" दाबतात. या वर्षीच्या अहवालात समाधानी वापरकर्ते पुन्हा शंभर टक्के आहेत. वाट रुंद करायचं काम मात्र अडलं आहे. हललेल्या आर्डिसच्या जागी तिच्याच नावाचा दगड अजून कसा, हे वेन्डेलना विचारणं मार्लीसबाईंच्या जिवावर येतं.

तो दगड जिच्या नावाचा आहे तिच्यापाशी आता यंत्राच्या मते कुणीच येत नाही. वेन्डेल रोज येतात. खुर्ची मांडतात, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, मुकादमाचं "काकूंची हीच जागा ना?" हेसुद्धा. सांगताना ते इतके हसले, की डोळे पुसावे लागले.

हे वाचून नॉर्डबीच्या लोकांना हसलेल्या वाचकांसाठी एक सूचना. ही शोधसेवा आता सर्वत्र सुरू आहे, आणि चालू वर्षात तुम्ही तुमच्या आईचं नाव एकदाही शोधलेलं नाही असं नोंदीवरून दिसतं. वेन्डेलच्या नोंदीतही शून्यच होतं. ते रोज जात होते म्हणून. तुमचं शून्य कशामुळे आहे हे यंत्राला कळत नाही, ते तुमचं तुम्हाला माहीत. आईला कुंपणापाशी हलवण्यास हरकत असल्यास कळवावी. न कळवल्यास हरकत नाही असं समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.